टकलीचा रंग

बाय, केस आले! टकलीला केस आले!

आज सकाळी दिसले आणि पहिलं तुलाच सांगायला धावले. परसातून ओट्यावर, ओट्यावरून तुझ्या खोलीच्या दारापर्यंत. 'बाय गो' अशी हाक अर्धी तोंडातून गेलीसुद्धा. मग दाराला बाहेरून लावलेली कडी दिसली. मी थांबले, पण बातमी काही थांबेना, पोटात उड्या मारत राहिली. तुझ्या भावाला सांगितली असती, तर तो 'बरं झालं' म्हणाला असता आणि चहा मागितला असता. म्हणून लिहायला बसले. ऊन उतरलं की शेवंतीच्या दारात तिच्या मुलीच्या लग्नाच्या मांडवासाठी उंबराची फांदी येईल. तोवर वेळ आहे.

रंग कोणता, ते लगेच सांगणार नाही. तुला कधी दम नसायचा. भाताला वाफ धरायच्या आत झाकण काढून बघणारी तू. आज झाकण माझ्या हातात आहे. बस जरा.

ती आली तो दिवस आठवतोय ना? मिठागराच्या बांधावरून आली आणि आपल्या तुळशीच्या कट्ट्याला अंग घासत उभी राहिली. कुत्री आहे हे आधी कळलंच नाही. अंगावर एक केस नाही. कातडी काळवंडलेली, जाड, जुन्या चपलेसारखी भेगाळलेली. कानांच्या कडांवर खपल्या. खाजवता खाजवता कोलमडायची आणि पडल्या पडल्याही पाय हलवत राहायची. वास तर असा, की सुकत घातलेल्या बोंबलांनी नाक धरावं. हे वाक्य तुझंच आहे, मी फक्त उचललं.

तुझा भाऊ म्हणाला, "खरजेची कुत्री आहे ती. आत घेतलीस तर मी ओट्यावर झोपेन."

तू म्हणालीस, "झोप. ओटा झाडलाय."

आणि तिला भाकरी घातलीस. मग माझ्याकडे वळून, जणू मीच काही बोलले होते, म्हणालीस, "सुमे, टकली झाली म्हनून काय उपाशी ठेवायची?" तेवढ्यात नाव पडलं. मी म्हटलं, हे काय नाव झालं? केस आल्यावर काय म्हणायचं? तू म्हणालीस, "केस आले की रंग बघून ठेवू दुसरा. काली निघनार, लिवून घे. कातडी बघ की कसी काली."

मी तिला पाणी ठेवायला वाकले होते. तिच्या पुढच्या पायाच्या बोटांच्या मध्ये, खरजेने सोडून दिलेला एवढासा झुबका होता. तो तांबडा होता. मी तुला दाखवला. तू म्हणालीस, ती नव्या टॉवरच्या कामाची माती आहे. मी तो झुबका धुतला. तू म्हणालीस, माती आतपर्यंत मुरलीय.

मी हसले, पण तू मात्र पैजेवर आलीस. जगात कुणी कुत्र्याच्या रंगावर अशी पैज लावली नसेल. टकली काळी निघाली, तर मी पुढच्या लग्नात तुझ्या शेजारी मांडवात बसायचं आणि लग्नाचं गाणं, धवला, उघड्या गळ्याने गायचा. तांबडी निघाली, तर तू मला पुन्हा कधी 'चल' म्हणायचं नाही.

किती वर्षं तू मला 'चल' म्हणत होतीस! धवलारणीने ओळ सांगायची आणि दुसरीने ती झेलायची, असा धवला. पण तुझ्याबरोबर झेलायला कुणी टिकायचं नाही. कुणाचा दमा, कुणाची सून बाळंत, कुणाला तुझं मध्येच थांबून 'नीट झेल की गो' म्हणणं सोसायचं नाही. आणि घरात मी. भात कांडताना, जाळी सांधताना तुझे सगळे धवले ऐकून ऐकून मला पाठ. चुलीपुढे एकटी असले तर ओठांतल्या ओठांत म्हणायची. तुला ते ठाऊक होतं. पण मांडवात दहा बायका माझ्याकडे बघतायत असं नुसतं मनात आणलं, तरी माझी जीभ टाळूला चिकटायची. बाजारात मासेवालीला भाव विचारायचा तरी तू पुढे व्हायचीस. "हिला पापलेट पायजे आनि हिला ताजंच पायजे, हिचा नवरा लय चवीचा," असं म्हणून मला अख्ख्या बाजारात लाजवायचीस आणि स्वस्त आणायचीस.

पैजेला मी हो म्हटलं, कारण मी तो झुबका धुऊन पाहिला होता. मी जिंकणारच होते.

आता मिठाच्या पाण्याचं. ते मी कुणाला सांगितलेलं नाही, पण तुला आठवण करून दिल्याशिवाय राहवत नाही. तुझं म्हणणं असं की मिठागरात राबणाऱ्या माणसाला खरूज होत नाही. तुझे आजोबा आयुष्यभर मिठाच्या कोंडीत, त्या खाऱ्या पाण्यात उभे राहिले, त्यांच्या पायांना भेगा पडल्या पण खाज नाही. म्हणजे औषध तिथेच आहे. तू मिठागरातून ते मीठ धरायच्या आधीचं घट्ट पाणी कॅन भरून आणलंस. मी म्हटलं, "झोंबेल गो."

"झोंबलं पायजे. झोंबल्याबिगर खरूज जाते होय?"

आणि ओतलंस. बाय, ते किंचाळणं! वरच्या आळीतल्या बायका बाहेर आल्या. टकली तुझ्या हातातून सुटली ती थेट खाडीकडे. तू कॅन हातात धरून उभी. तोंडावर पाणी उडालेलं, तेच खारं, आणि डोळे लाल. ते पाण्याने की कशाने, ते मी विचारलं नाही.

तू तिला शोधत बांधाबांधाने फिरलीस. मी मागे. हाका मारून तुझा घसा बसला. शेवटी तू बांधावरच फतकल मारलीस आणि थकलीस की गायचीस तशी गायला लागलीस, मांडवाचा धवला, हलक्या आवाजात. दुसरी ओळ झाली, तिसरी झाली, आणि समोरच्या तिवरांतून आधी दोन कान बाहेर आले. चिखलाने माखलेले. मग बाकीची टकली. पोटावर सरपटत तुझ्या पायाशी आली. तू गाणं न थांबवता मला हाताने खूण केलीस, धर. मी धरली. माझ्या मांडीवर पाय ठेवून ती तुझ्या तोंडाकडे बघत होती. बाय, मिठाचं पाणी ओतणाऱ्या बाईकडे कुणी असं बघतं का?

दुसऱ्या दिवशी आपण गोखिवऱ्याला जनावरांच्या दवाखान्यात निघालो. एकही रिक्षा घेईना. मग तू टकलीला तुझ्या जुन्या हिरव्या लुगड्यात नाकापर्यंत गुंडाळलीस आणि मांडीवर घेऊन एका रिक्षात बसूनच घेतलंस. रिक्षावाला वळून वळून बघायला लागला.

"मौसी, इसमें क्या है?"

"दुल्हन है. मुंह नहीं दिखाती."

तेवढ्यात टकली भुंकली. रिक्षावाला म्हणाला, "मौसी, ये दुल्हन तो भौंकती है."

"सासरला गेल्यावर सगल्याच भुंकतात," तू मराठीत म्हणालीस, "ही जरा लवकर लागली." त्याला काय कळलं कोण जाणे, पण हसला आणि दवाखान्याच्या दारापर्यंत सोडलं. माझं मात्र पदराआड हसून हसून पोट दुखलं. आजही गोखिवऱ्याची रिक्षा दिसली की ते वाक्य आठवतं आणि रस्त्यात एकटीच हसते. लोक म्हणत असतील, हिची नणंद गेली आणि ही हसतेय.

डॉक्टरीण बाईंनी बोथट पात्याने तिच्या कानाची कड खरवडली, काचेवर तेलाच्या थेंबात ठेवली आणि दुर्बिणीखाली घातली. बघितलं आणि म्हणाल्या, "आहेत. बघायचंय का तुम्हाला?" तुला दोनदा विचारावं लागत नाही. तू डोळा लावलास आणि ओरडलीस, "अगो, ही तं चिंबोरी!"

मग मी बघितलं. बाय, तुला तेव्हा सांगायला जमलं नाही, पण माझ्या अंगावर काटा आला तो भीतीचा नव्हता. खेकड्यासारखं एवढंसं गोल अंग, आखूड पाय, आणि ते पाय हलत होते! डोळ्यांना न दिसणारं एक अख्खं जनावर, आपल्या घरच्या कुत्रीच्या कानात संसार मांडून बसलेलं. मी चौथीत शाळा सोडली तेव्हा पुढच्या वर्गातल्या मुलींच्या पुस्तकात असं गोलात काढलेलं काहीतरी असायचं, ते मी लांबून बघायची. आता ते माझ्या डोळ्यापुढे चालत होतं. मी सरकेचना. बाई म्हणाल्या, "ताई, पुरे, दुसरा पेशंट आहे." तू म्हणालीस, "बघू द्या हो. ही कधी काय मागत नाय."

बाईंनी नीट समजावून सांगितलं. या किड्याची मादी कातडीत बीळ करते, बिळात अंडी घालते, म्हणून एवढी खाज. वरून काही ओतून ती मरत नाही. जळकं ऑइल, रॉकेल, फिनेल तर अजिबात लावायचं नाही, कुत्रं ते चाटतं आणि विषबाधा होते. चघळायची गोळी द्यायची, औषधी साबणाची आंघोळ घालायची, तिची पोती-फडकी गरम पाण्यात धुवायची. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचं नाही. केस यायला वेळ लागेल.

तू विचारलंस, "आनि मिठाचं पानी?"

बाई उत्तर देणार, त्याच्या आत तुझ्याच ध्यानात आलं. तू कपाळावर हात मारलास. "चिंबोरीला खारं पानी! अगो सुमे, मी तं त्यांना माहेरी पोचवली!"

बाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. मी तुझ्याकडे बघत होते. चुकीची माती झाडून पुन्हा ताठ उभं राहायला तुला एवढाच वेळ लागायचा. मी तशी नाही. माझ्या हातून मीठ जास्त पडलं तर मी दोन दिवस त्या कालवणाकडे बघत नाही.

मग सुरू झाल्या आंघोळी. साबणाचा फेस अंगावर दहा मिनिटं ठेवायचा, मगच धुवायचा, आणि तोवर तिला चाटू द्यायचं नाही. टकली एक घटकाभर उभी राहील तर शपथ. तू म्हणालीस, घड्याळ कशाला? मांडवाचा धवला पुरा झाला की दहा मिनिटं झाली. तो ऐकला की ती हलतही नाही. आणि खरंच, तू सुरू केलास की ती फेसात उभी, कान मागे, डोळे मिटलेले, हळदीला बसवल्यासारखी.

पण पहिल्या आंघोळीला धवला लवकर संपला. तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "तू झेललं नायस ना, म्हनून. दोघींनी म्हटला तं पुरा होतो. एकटीचा धवला अर्धा. अर्धं औषध बसलं तं अर्ध्या चिंबोऱ्या राहतील. मंग मना नाय बोलायचं."

आता यावर कुणी काय बोलावं? चिंबोऱ्या राहू नयेत म्हणून मी झेलायला लागले. आधी पुटपुटत. तू म्हणायचीस, "तिला ऐकू जात नाय, कान खराब हायत तिचे." मी आवाज चढवला. पुढच्या आंघोळीला आणखी थोडा. परसात आपण दोघी, मध्ये फेसाची कुत्री. तू ओळ टाकायचीस, मी झेलायची, आणि कधी कधी तू मुद्दाम ओळ लांबवून मला दम काढायला लावायचीस. मी हसले की टकली डोळे उघडायची आणि अंग झाडायची, दोघींच्या तोंडावर फेस. मला वाटतं, मी त्या परसात जेवढी हसले तेवढी माझ्या लग्नाच्या आधीही हसले नव्हते.

मध्येच तुझ्या हातांवर लाल पुरळ उठलं आणि तू शेवंतीला ठोकून दिलंस की लग्नातली हळद अंगावर उतली. डॉक्टरीण बाईंनी सांगितलं, कुत्र्याचा हा किडा माणसाला थोडे दिवस चावतो, माणसात तो घर करून राहत नाही, कुत्री बरी झाली की जाईल. तू खुशीत आलीस. "बघ, चिंबोऱ्यांना पन मी नको. माज्या अंगान कोन टिकत नाय." तू हे हसत म्हणालीस. सासर सोडून आलेल्या बाईने असं हसत म्हटलं की ऐकणाऱ्याने काय करायचं असतं, ते मला आलं नाही. मी तुझ्या हातांना खोबरेल लावलं. तेव्हाच म्हणायला हवं होतं, ते आता म्हणते. मी टिकले ना बाय. लग्न होऊन आले तशी तुझ्याच अंगाशी टिकलेय.

त्याच दिवशी तू विचारलं होतंस, "मी गेल्यावर मांडवान कोन गाईल गो?" मी म्हटलं, "मोबाईलवर लावतील." तू पाण्याचा मग फेकून मारलास. माझा नेम चुकला असता, तुझा चुकला नाही. मी नखशिखांत भिजले.

तू गेलीस. त्याबद्दल मी लिहीत नाही. तू तिथे होतीस, तुला माहीत आहे. मला जे माहीत आहे ते असं, की त्या दुपारपासून टकली तुझ्या खाटेखालून निघेना आणि घर माणसांनी भरलं. माणसं यायची, माझ्यासमोर बसायची, आणि मी बाजूला बघायची, तू पुढे होऊन बोलशील म्हणून.

आणि आंघोळीचा वार आला. सगळे म्हणाले, राहू दे या वेळी, कुत्री कुठे पळून जातेय. पण बाईंनी सांगितलं होतं, मध्ये सोडायचं नाही. मी टकलीला खाटेखालून ओढली आणि परसात नेली. फेस केला. ती थरथरायला लागली आणि निघाली. मी धरली, ती निसटली. पुन्हा धरली. बाय, घरात तुझा दिवा तेवतोय आणि मी परसात साबणाच्या हातांनी कुत्री धरून उभी. मग मी सुरू केला. मांडवाचा धवला. ओळ मीच टाकली, मीच झेलली. दुसरी टाकली, झेलली. पहिल्यांदा आवाज फाटला. मग सुरात आला. टकलीने कान मागे घेतले, डोळे मिटले.

काकींच्या कानावर गेलं. तुझ्या चुलतकाकी, त्यांच्या कानावर काय जात नाही? त्या मागच्या दारात आल्या, त्यांच्या मागे शेवंती, भेटायला आलेली.

"मयताच्या घरान धवला? लाज हाय का नाय? बाय जाऊन आठवडा नाय झाला, आनि ही लग्न लावतेय!"

तू असतीस तर काय म्हणाली असतीस, ते मी पटकन शोधलं. सापडलं नाही. टकली हलायला लागली होती, फेस डोळ्यांत उतरत होता. मी म्हटलं, "काकी, धवला नाही हा. औषध आहे. पुरं होऊ दे, मग बोला." आणि पुढची ओळ टाकली.

शेवंतीने पदर तोंडाला लावला. पुढची ओळ मी टाकली ती झेलायला मी श्वास घेतला, त्याच्या आत शेवंतीने झेलली. भसाड्या आवाजात, चुकीची. तू तिला तिथेच थांबवून दुरुस्त केलं असतंस. मी चालू दिली.

तुझं तेरावं झालं आणि शेवंती पानसुपारी घेऊन आली. तिच्या मुलीच्या लग्नात गायचा विडा तूच घेतला होतास, माझ्यादेखत, आणि म्हणाली होतीस, "उंबर दारात येईल तेव्हा मी बसलेली असेन." आता ती म्हणाली, "सुमन, बायने विडा घेतला होता. तो या घरातून परत नको जाऊ दे. तू बस. नाय तं पोरं म्हनतायत, मोबाईलवर लावू." मोबाईल म्हटल्यावर मला तो पाण्याचा मग आठवला आणि मी भिजल्यासारखी शहारले.

मी काय म्हटलं असेन, ओळख. मी म्हटलं, "टकलीला केस येऊ दे. मग सांगते."

शेवंतीने तुझ्या भावाकडे बघितलं. त्याने खांदे उडवले. त्या दोघांना वाटलं असेल, दुःखाने हिचं डोकं फिरलं. पण पैज ती पैज. तू गेलीस म्हणून ती सुटत नाही. काळी निघाली तर बसायचं, तांबडी निघाली तर नाही. शेवंती बिचारी विडा ठेवून गेली. म्हणाली, मांडवाच्या दिवसापर्यंत वाट बघते.

मग मी रोज बघायला लागले. आधी खपल्या गेल्या. मग कातडी मऊ पडली, खाजवणं थांबलं. एक दिवस ती ओट्यावर नुसती झोपली, पाय न हलवता, आणि मी तिच्याकडे बघत बसले, भात करपेपर्यंत. मग लव आली. पण कसली लव! उंदराच्या रंगाची. काळी म्हणावी तर काळी नाही, तांबडी म्हणावी तर तांबडी नाही. मी तिला चुलीपुढे बघायची, दारात बघायची, ओली करून बघायची. तुझा भाऊ म्हणाला, "लग्नाची साडी घेताना एवढी बघितली नव्हतीस." डॉक्टरीण बाईंनी पुन्हा कान खरवडून बघितला आणि म्हणाल्या, "एकही नाही." चिंबोऱ्या सगळ्या मेल्या, बाय! मी विचारलं, बाई, रंग कोणता येईल? मी विचारलं, मी! त्या हसल्या, म्हणाल्या, आणखी थोडा धीर धरा.

आणि आज सकाळी परसात पाणी तापवत होते. टकली पेरूच्या झाडाखालून उठली, आळस दिला आणि उन्हात आली.

तांबडी.

बाय, तांबडी! विटेसारखी नाही, पिकलेल्या सुपारीसारखी तांबडी, पाठीवर गडद, पोटाकडे फिकी होत गेलेली. माती नाही गो ती! मी बोटांनी केस उलटे करून मुळापर्यंत बघितलं. मुळापर्यंत तांबडी! मी जिंकले! मी उड्या मारल्या, या वयात, ताकाच्या भांड्याला धक्का लागेपर्यंत. आता तू मला कधीही 'चल' म्हणू शकत नाहीस. विडा परत, मांडव परत, दहा बायकांच्या नजरा परत. मी सुटले.

सुटले, असं म्हणत तिथेच उभी राहिले. पाणी उकळायला लागलं. आणि मला कळलं की उंदराच्या रंगाची लव आली त्या दिवसापासून मी वाट काळ्या रंगाची बघत होते. रोज सकाळी उठून मनात म्हणत होते, काळी निघू दे. मी तिला सावलीत नेऊन बघायची ते का, ते आज समजलं. सावलीत ती जरा काळी दिसायची.

तुला हरवण्यासाठी मी एवढी थांबले, आणि हरवल्यावर काय करायचं हेच मला ठाऊक नव्हतं.

मी कुत्री पुन्हा तपासली. शेपूट उचलली. आणि काय सांगू! शेपटीच्या टोकाला, बोटाच्या पेराएवढा, काळा झुबका. कुळकुळीत. तू असतीस तर त्या पेरावरून अख्खी आळी गोळा केली असतीस. "काली हाय! शेपटी कुत्रीचीच ना? मंग काली!" मी म्हटलं असतं, एवढ्याने काय होतं. तू म्हणाली असतीस, तू झुबक्यावरूनच पैज लावलीस ना, मंग झुबक्यावरूनच ठरव. आणि हे भांडण पावसाळाभर चाललं असतं.

नाही बाय, मी ऐकणार नाही. पैज मीच जिंकले. तांबडी ती तांबडी, शेपटीचं टोक तुला प्रेमाने दिलं. तुझ्या पैजेने मला कुणी मांडवात बसवू शकत नाही.

म्हणून मी माझ्या पायांनी गेले. आंघोळ केली, तुझ्या भावाला चहा दिला, आणि सरळ शेवंतीच्या घरी. सगळीकडे बायका, पातेली, केळीची पानं. मी दारातून म्हटलं, "शेवंती, केस आले." तिला वाटलं मी निरोप द्यायला आले. मी म्हटलं, "मी बसते. मोबाईल बंद ठेवायला सांग पोरांना." तिच्या हातातला कांदा खाली पडला. मग म्हणाली, "आनि झेलायला कोन?" मी म्हटलं, "तू. पण नीट झेल." बाय, हे माझ्या तोंडून तुझ्याच आवाजात निघालं, आणि माझं मलाच हसू आलं.

आता ऊन उतरतंय. तुझी हिरवी साडी नेसलेय, ती चांगली, टकलीच्या अंगावरची नाही. जीभ ठीक आहे, मघाशी परसात तपासली. टकली दारात उभी राहून वळून वळून बघतेय, उशीर झाला म्हणून. तिला मांडवात न्यायची नाही असं शेवंतीने सांगितलंय. पण तू तिला ओळखतेस. मी पहिली ओळ टाकली की ती येईल, पंगतीतून, बायकांच्या पायांतून, आणि धवला पुरा होईपर्यंत हलणार नाही.

बायका विचारतील, ही तांबडी कुत्री कुणाची? तर मी सांगेन. मोठ्याने सांगेन. बायची टकली.